काळी काच

आमच्या घरात काळा चष्मा प्रथम आला तो आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर. तोपर्यंत ती वस्तू चित्रपटातील नटांची, पुढाऱ्यांची आणि वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांची, अशी आमची ठाम समजूत होती. कॉलेजात असताना मी एकदा भीत भीत गॉगलचा विषय काढला, तेव्हा बैलांना वैरण टाकता टाकता वडील म्हणाले होते, "ऊन काय तुझ्या एकट्यावर पडतं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सातारा जिल्ह्यातील आमच्या रानात आई भर उन्हात भांगलण करीत असे, ती उघड्या डोळ्यांनीच.

म्हणून बदली होऊन भोपाळला आल्यावर, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मी गॉगल विकत घेतला तो काहीसा चोरासारखा. निमित्त होते मोठ्या तलावाचे. परमार राजा भोज याने अकराव्या शतकात बांधविला असे सांगतात तो हा तलाव! परगावी एकट्याने राहणाऱ्या कारकुनाला रविवार फार लांबलचक वाटतो. तो कापण्यासाठी मी बोट क्लबच्या घाटावर कायक वल्हवायला शिकू लागलो. बरोबरीची मंडळी रुबाबदार गॉगल लावून येत. मीही पदपथावरून दीडशे रुपयांचा एक उचलला. निवडीची कसोटी एकच होती : सगळ्यांत काळा कोणता?

पुढे एका जानेवारीत, दुपारी साडेतीनच्या सुमारास, मी नैर्ऋत्येकडे तोंड करून वल्हवीत होतो. समोरचे पाणी वितळलेल्या चांदीसारखे झळकत होते. माझ्या गॉगलमधून ती झळाळी तशीच दिसत होती, आणि तिच्याभोवतीचे उरलेले जग मात्र अंधारात बुडाले होते. अचानक अगदी नाकासमोरून आरोळी आली. ट्रॅक्टरच्या फुगविलेल्या ट्यूबवर बसून एक म्हातारा कोळी जाळे ओढीत होता. मी वल्हे उलटे रोवले. कायक कलंडली, मी पाण्यात पडलो, आणि माझे वल्हे त्याच्या खांद्याला चाटून गेले. डोक्याला लागले असते तर? जीवरक्षक जाकीट माझ्या अंगात होते, त्याच्या नव्हते. मी ओशाळून क्षमा मागितली. तो खांदा चोळीत इतकेच म्हणाला, "बाबूजी, चश्मा उतार के चलाया करो." माझा गॉगल तोवर तळाशी गेला होता, हा त्याच्या सल्ल्याचा तत्काळ अंमल म्हणायचा!

काळी काच आणि चांगली काच या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला त्या आठवड्यात एका वयस्कर चष्मेवाल्याने समजावून दिले. काचेचा काळेपणा डोळ्याला फसवतो. उजेड कमी झाला की बाहुली रुंदावते, आणि काच अतिनील किरण अडवीत नसेल, तर ते किरण त्या रुंदावलेल्या दारातून अधिकच आत शिरतात. तेव्हा पाहायची ती 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविल्याची खूण. ती जवळजवळ पांढऱ्या काचेवरही असू शकते. काळेपणाच्या प्रती निराळ्या. पाण्यावर तिसरी प्रत पुरते. ती 8 ते 18 टक्के उजेड आत सोडते. चौथी त्याहून काळी, आणि ती लावून गाडी चालविणे वर्ज्य.

परंतु पाण्याचे खरे दुखणे चकाकीचे. सूर्यप्रकाशाची कंपने सर्व दिशांची असतात. पाण्यावरून परतताना त्यांत आडवी कंपनेच प्रामुख्याने उरतात. परावर्तित प्रकाशाचा हा गुण 1808 साली पॅरिसमध्ये मालुस याला राजवाड्याच्या खिडक्यांवरील सूर्याचे प्रतिबिंब स्फटिकातून न्याहाळताना उमगला. एडविन लँड या तरुण अमेरिकनाने 1929 च्या सुमारास आडवी कंपने अडविणारा पापुद्रा बनविला. मोटारींच्या दिव्यांची तिरीप कमी करावी, हा त्याचा मूळ हेतू. त्या पापुद्र्याची काच ती 'पोलराइज्ड'. सूर्य क्षितिजापासून सुमारे 37 अंशांवर असताना ती चकाकी जवळजवळ पुसून टाकते. सूर्य अगदी मावळतीला टेकला, किंवा आपण मान कलती केली, की तिचा गुण उतरतो. चष्मेवाल्याने पारख दाखविली. टेबलाच्या काचेवर दाराचे प्रतिबिंब पडले होते. त्याने चष्मा डोळ्यांसमोर धरून सावकाश फिरवायला सांगितले. प्रतिबिंब मंदावले, आणि पुन्हा उजळले! पदपथावरचा एखादा गॉगल असा कितीही फिरवला असता, तरी ते ढिम्म राहिले असते.

बाकीची निवड सोपी झाली. काच पॉलिकार्बोनेटची, कारण वल्ह्याचा फटका बसला तरी तिच्या ठिकऱ्या होत नाहीत. रंग करडा, कारण त्यातून इतर रंग खरे दिसतात. कडा गालापर्यंत वळलेल्या, म्हणजे बाजूने ऊन शिरत नाही. मागे दोरी, आणि दोरीला बुचासारखा तरंगता तुकडा. किंमत अडीच हजार. पैसे मोजताना वडिलांचा प्रश्न कानात घुमत होताच. पण कोळ्याचा खांदाही डोळ्यांपुढून हलत नव्हता. पाण्यावर आपले डोळे केवळ आपले नसतात.

पुढच्या हिवाळ्यात आई भोपाळला आली. तिला घाटावर नेले. पाण्याकडे पाहून ती डोळे किलकिले करू लागली, तेव्हा मी माझा चष्मा तिच्या नाकावर चढविला. ती वाकली, आणि तशीच वाकून राहिली.

"अरे, पाण्याच्या पोटातलं दिसतंय की! गवत हलतंय... ते बघ, मासा!"

उन्हाने मोतीबिंदूला हातभार लागतो, असे डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी सांगितले होते. ते आठवून मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिने अपेक्षित प्रश्न विचारला, "केवढ्याला पडला?"

परगावी नोकरी करणारा प्रत्येक मुलगा सांगतो तसे मी निम्मे सांगितले.

"मग दोन घ्यायचेस," ती म्हणाली. "ते अजून रानातच असतात दिवसभर."

रानात पाण्याची चकाकी नाही, तेव्हा पोलराइज्ड काचेचा आग्रह मी धरला नाही. 400 ची खूण मात्र दोनदा तपासून घेतली, आणि चष्मा टपालाने धाडला. आठवड्याने वडिलांचा फोन आला. पावसापाण्याचे बोलून झाले. मग जरा थांबून त्यांनी विचारले,

"याला ऊन लागलेलं चालतं ना रे?"