उद्यमनगरातील एक दुपार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पाऊल टाकताच प्रथम कानी पडतो तो लेथचा आवाज. ओतकाम, इंजिनांचे सुटे भाग आणि यंत्रदुरुस्ती यांवर या वसाहतीचे नाव झाले. बँकेत असताना कर्जप्रकरणांच्या पाहणीसाठी मी येथे अनेकदा आलो. गेल्या आषाढात मात्र गिऱ्हाईक म्हणून आलो. पिशवीत होते मोटारीच्या काचेचे मशीन.

ही मोटार म्हणजे वडिलांनी घेतलेली १९६८ची फियाट ११०० डिलाइट. सोलापूरच्या जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली, याचा वडिलांना मोठा अभिमान. जयसिंगपूरच्या आमच्या कापडदुकानाची ती अर्धशतकाची सोबतीण. आता चालकाच्या बाजूची काच दाराच्या पोटात कोसळली होती आणि पावसाने बैठक भिजत होती. थोरले बंधू अण्णा यांनी भंगारवाल्याला शब्द दिला होता. "घसाऱ्याने किंमत केव्हाच संपली," ते म्हणाले. घटत्या शिलकेच्या पद्धतीत किंमत कधीच शून्य होत नाही, असे मी म्हणालो. अण्णा हसले नाहीत. पण रविवारपर्यंत मुदत मिळाली.

मशीनची रचना साधी आहे. हँडल फिरवले की ड्रम फिरतो. त्यावरची तार वरच्या व खालच्या पुलीवरून जाते. एका बाजूने जितकी गुंडाळली जाते तितकीच दुसऱ्या बाजूने सुटते आणि तिला जोडलेली काच वरखाली होते. आमची तार तुटली होती आणि खालची पुली झिजून तिची खाच कलली होती. मुंबईपर्यंत चौकशी करूनही नवा नग मिळाला नव्हता.

वयस्कर मेस्त्रींनी पुलीला व्हर्निअर लावला. "नव्याची वाट कशाला बघताय, साहेब? नायलॉनच्या दांड्यातनं काढू की. गंजायची न्हाई, वाजायची न्हाई." अर्ध्या तासात लेथवर पांढरी पुली उतरली. तारेसाठी त्यांनी शेजारून स्कूटरची क्लच वायर मागवली, जाडी जुळली. टोकांना पितळेची बोंडे बसवून डाख दिला.

चूक झाली ती माझी. तुटलेल्या तारेचे तुकडे सुतळीने मोजताना उसवलेली टोके मी हिशेबात धरलीच नव्हती. तार अर्धा इंच आखूड निघाली. ताण इतका की हँडल हलेना. जन्मभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातील फरक शोधणारा मी ओशाळलो. "तार ढिली ऱ्हायली तर पुलीवरनं उतरती, ताणली तर हात मोडती," एवढेच बोलून मेस्त्रींनी दुसरी तार कापली. सारे मिळून चारशे वीस रुपये झाले. पावती मी मागून घेतली.

रविवारी सकाळी भंगारवाला दारात उभा राहिला. अण्णा काही न बोलता मोटारीत जाऊन बसले. हँडल फिरवून त्यांनी काच वर घेतली, खाली घेतली, पुन्हा वर घेतली. वरच्या कडेला बोटभर फट राहत होती, ती त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

"यातून पाऊस येणार," ते म्हणाले.

"तारेच्या पकडीचा स्क्रू सैल केला की काच थोडी उचलता येईल, अण्णा."

त्यांनी भंगारवाल्याला आत बोलावून चहा दिला आणि त्याचा फेरा वाया गेला म्हणून रिक्षाचे भाडेही दिले. तो गेल्यावर डाव्या दारापाशी उभे राहून मला विचारले, "या बाजूची तारही तेवढीच जुनी असेल, नाही का?"