पूल उरला नावापुरता

रशियन साहित्याचा मराठी वाचक मॉस्कोतील 'कुझ्नेत्स्की मोस्त' या रस्त्याच्या नावाशी थबकत नाही. मीही बरीच वर्षे थबकलो नव्हतो. या नावाचा अर्थ 'लोहारांचा पूल'. आज त्या रस्त्यावर पूल दिसत नाही, आणि ज्या नदीवर तो होता ती नेग्लीन्नायाही दिसत नाही.

जेमतेम साडेसात किलोमीटरची ही नदी. मॉस्कोच्या उत्तर भागात, मारिना रोशाच्या परिसरात उगम पावून ती क्रेमलिनपाशी मोस्क्वा नदीला मिळते. या दोन प्रवाहांच्या बेचक्यातील टेकडीवर क्रेमलिन उभे राहिले. पश्चिमेच्या तटाला आयता खंदक मिळाला तो नेग्लीन्नायाचा. तिच्या पाण्यावर पाणचक्क्या फिरल्या, तिला बांध घालून तळी झाली. काठावर लोहार वसले आणि तोफांचा कारखानाही उभा राहिला; अजस्र 'झार तोफ' १५८६ साली तिथेच ओतली गेली.

अखेरीस शहराला नदीचा एकच उपयोग उरला : घाण टाकणे. मग १८१७ ते १८१९ या काळात तिला विटांच्या कमानींखाली कोंडण्यात आले. क्रेमलिनच्या तटालगत, तिच्या पात्रावर, अलेक्सांद्र उद्यान फुलले. जुना त्रोइत्स्की पूल मात्र टिकला. त्याच्याखाली आता पाण्याऐवजी झाडे आहेत. १८८० च्या दशकात पत्रकार गिल्यारोव्स्की त्या बोगद्यात उतरला, तेव्हा त्याला भेटले ते गाळ आणि सांडपाणी. १९६५ साली मुसळधार पावसात हे कोंडलेले पाणी रस्त्यांवर आले. पुढे १९९० च्या दशकात मानेझ चौकाशेजारी कारंज्यांसह एक कृत्रिम प्रवाह रचला गेला. पाहणाऱ्याला ती नेग्लीन्नायाच वाटावी अशी ती योजना; खरी नदी मात्र आजही जमिनीखालूनच वाहते.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला एक समजूत प्रिय असते : वस्तू गेली तरी शब्द तिला जपतो. लोहारांचा पूल या समजुतीला पुरावा ठरावा. पण शब्दाने इथे जपले ते काय? नदी बुजवताना कोणी तिचे नाव पुसले नाही. कारण नावाची कोणाला अडचण नव्हती, अडचण होती ती वाहत्या पाण्याची. उलट, नाव शिल्लक आहे म्हटल्यावर काही गमावल्याची बोचही उरत नाही. शब्द आपले स्मरण करतो खरा, पण कधी कधी तोच विस्मरणाची सोयही करून देतो, हे मान्य करणे आमच्या व्यवसायाला जड जाते.