लाल उजेडात कुंकू दिसत नाही

रंगीत उजेडाचं शूट म्हटलं की आमच्या फोटोग्राफीच्या वर्गातली मुलं आधी बाजार गाठतात. सीताबर्डीहून आणलेले जिलेटिनचे कागद, कुणाच्या तरी ओळखीच्या डेकोरेशनवाल्याकडचे एलईडी पार दिवे, ऑटोत लावतात तसली जांभळी पट्टी, असा सगळा ऐवज टेबलावर येऊन पडतो आणि मग मला विचारतात, ‘मॅम, याच्यात राग कसा दाखवायचा?’ वहीत तक्ता तयारच असतो. राग लाल, दुःख निळं, मत्सर हिरवा, आनंद पिवळा. इंटरनेटवरून उतरवलेला हा तक्ता दर बॅचमध्ये जसाच्या तसा सापडतो.

तक्ता करण्यालाच माझी हरकत आहे असं नाही. आपल्याकडेही तो आहे आणि चांगला जुना आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसांना रंग नेमून दिलेत. रौद्राला लाल, इथपर्यंत मुलं खूश असतात. पुढे मात्र गडबड होते. शृंगाराला श्याम, करुणाला पारव्याचा राखाडी, हास्याला पांढरा, अद्भुताला पिवळा, आणि निळा? तो बीभत्साला. म्हणजे मुलांचं दुःख भरताच्या हिशेबात किळसवाणं ठरतं. तिकडे विटोरिओ स्टोरारो या इटालियन छायालेखकाने १९८७ च्या ‘द लास्ट एम्परर’मध्ये सम्राटाच्या वयाच्या टप्प्यांना वर्णपटातले रंग वाटून दिले आणि त्या कामाला ऑस्कर मिळालं. त्याचा तक्ता आणखी वेगळा. पण तो त्याने एका सिनेमापुरता, एका माणसाच्या आयुष्याकडे बघून बनवला होता. आमची मुलं तो रेडिमेड आणतात.

हिरव्याचंच घ्या. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास गेला की नागपुरात मोठ्या सिग्नलांवर हिरवी नेट ताणतात. दुचाकीवाले मग रेषेचा विचार करत नाहीत, नेटखाली जिथे चाक मावेल तिथे थांबतात. त्या सावलीत चेहऱ्यावर हिरवट झाक येते. हॉलिवूडचे सिनेमे बघून नजर घडली असेल तर ती झाक आजारी वाटेल. दुपारी २ वाजता दुपट्टा तोंडाला गुंडाळून तिथे टेकलेल्या माणसाला विचारा. माझ्या लेखी नागपूरच्या मे महिन्यात सुटकेचा रंग हिरवाच आहे, आणि एखाद्या विद्यार्थ्याने तो तसा वापरला तर मी त्याला पूर्ण मार्क देईन.

म्हणून पहिल्या बैठकीत कॅमेरा आणि दिवे दोन्ही बाहेर ठेवायला सांगते. भावनेचं नाव लिहायचं नाही, प्रसंग लिहायचा. मग त्या प्रसंगात उजेड कुठून येतो ते लिहायचं. रंग सगळ्यात शेवटी. एका मुलाने ‘एकटेपणा – निळा’ लिहून दिलं होतं. कोणाचा एकटेपणा, किती वाजता, कुठे, असं विचारत गेल्यावर कळलं की तो गडचिरोलीहून इथे स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाबद्दल बोलत होता. रात्री खोलीतला दिवा बंद, हातात मोबाइल, दाराच्या फटीतून घरमालकाच्या ओसरीवरच्या बल्बची पिवळी रेघ. आता निळा आपोआप आला, कारण मोबाइलच्या पडद्याचा पांढरा साधारण ६५०० केल्विनचा असतो आणि जुन्या बल्बचा २७०० च्या आसपास. कॅमेरा मधल्या कुठल्या तरी आकड्यावर, समजा ४००० वर, बांधून ठेवला की एक निळा पडतो आणि दुसरा केशरी. त्या चित्रात एकटेपणा खरं तर पिवळ्या रेघेत होता. चेहरा निळा असल्यामुळे ती रेघ लांबची, दुसऱ्या कुणाच्या घरातली वाटत होती.

इथे कोणीतरी झाडीपट्टीच्या नाटकांचा दाखला देतंच. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या या पट्ट्यात मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि रात्रभर नाटकं चालतात. वडसा म्हणजे त्या नाटक कंपन्यांचं माहेरघर. खलनायक आला की लाल फोकस, आणि हजारभर माणसांना बरोब्बर कळतं. ‘तिथं चालते तं आपल्याले काऊन नाही चालत?’ हा प्रश्न रास्त आहे. पण तिथे उजेडाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं, सोबतीला संवाद असतो, ऑर्गन असतो, नटाचा आवाज असतो. फोटोत यातलं काहीच नाही आणि बघणारा हातभर अंतरावर उभा. फोटोत लाल फोकस म्हणजे नुसती आरडाओरड.

आता कुंकवाची गोष्ट. एका गटाला भांडून स्वयंपाकघरात येऊन उभी राहिलेली बाई दाखवायची होती. हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि समोरून गडद लाल जिलेटिन. ट्यूबलाइट बंद करून लाल दिवा लावला मात्र, कुंकू गायब. साडी काळी पडली, बांगड्या काळ्या पडल्या, कपाळ कोरं. एक मुलगा म्हणाला, ‘मॅम, ही तं विधवा दिसून राह्यली.’ राग कुठल्या कुठे गेला होता.

कारण सरळ आहे. लाल उजेडात फक्त लालच परत फेकला जातो. कुंकू तो भरपूर परत करतं, आणि आपली त्वचा, गोरी असो की सावळी, इतर रंगांपेक्षा लाल जास्त परत करते. दोघांत फरक उरत नाही. चेहऱ्यावरचे लालसर डागही त्यामुळे पुसट होतात. हिरव्या साडीकडे परत करायला लाल नसतोच. हिरव्या दिव्यात याच्या उलट, कुंकू काळंकुट्ट. निळ्यात हळद काळवंडते, हळदी समारंभातल्या मुलीचे गाल मार लागल्यासारखे दिसतात. वेशभूषा ठरवण्याआधी प्रत्येक कापड नि प्रत्येक टिकली त्या त्या दिव्याखाली धरून बघायची, हा नियम मी इतर सगळ्या नियमांपेक्षा कडक पाळायला लावते.

रंगीत उजेडाने चेहऱ्यावरचा रंग लपवायची नि दाखवायची ही युक्ती सिनेमावाल्यांनी फार पूर्वी हेरली होती. १९३१ च्या ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये छायालेखक कार्ल स्ट्रसने नट फ्रेडरिक मार्चच्या चेहऱ्यावर रंगीत मेकअप केलेला असताना कॅमेऱ्यासमोरचे रंगीत फिल्टर सरकवले. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे रंग कुणाला दिसला नाही; दिसलं ते इतकंच की कट न होता माणसाच्या चेहऱ्यावर सैतान उमटतोय. त्याआधी १९२५ च्या ‘बेन-हर’मध्ये त्यानेच हे उलटं करून कुष्ठरोग बरा होताना दाखवला होता.

हे सांगितल्यावर कुंकवाच्या गटातल्या एका मुलीने आपला प्रसंगच बदलला. भांडण काढून टाकलं. नवऱ्याचा फोन लागत नाहीये, बाई ट्यूबलाइटमध्ये ओट्याशी उभी आहे, कुंकू ठळक. ही पहिली चौकट. दुसऱ्या चौकटीत लाइट गेलेत, दाराशी एक गाडी येऊन थांबलीय आणि तिच्या ब्रेकचा लाल उजेड खिडकीतून चेहऱ्यावर पडलाय. ट्रायपॉड जागचा हलला नाही, बाईही नाही. कपाळाला कोणी हात लावला नाही.

त्या दुसऱ्या चौकटीसाठी पुष्कळ खटपट झाली. गडद लाल जिलेटिन दिव्याचा जेमतेम दहावा हिस्सा उजेड बाहेर सोडतं, म्हणून मुलांना दिवा जवळ आणायचा मोह होतो. जवळ आणला की गाल भाजल्यासारखे सपाट होतात. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम तेव्हाही सगळं ठीक असल्याचं सांगतो, कारण हिरवा आणि निळा जवळपास रिकामे असतात आणि सरासरी खाली येते. लाल चॅनल वेगळा उघडून बघितला तर तो केव्हाच उतू गेलेला असतो. सेन्सरवर दर चार ठिपक्यांत लालसाठी एकच असतो, त्यामुळे बारकावाही कमी मिळतो. एक स्टॉप कमी एक्स्पोजर द्या, फोकस पांढऱ्या उजेडात लावून कुलूपबंद करा, मग लाल लावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तर कॅमेरा तुमचा लाल स्वतःच्या अकलेने पुसायला लागतो. आणि बाकीची खोली खरोखर अंधारी हवी. खिडकीतून आलेला थोडासा पांढरा उजेडही लालचा गुलाबी करतो. गुलाबी ब्रेकलाइटला कोण घाबरणार?

स्वस्त एलईडीचा त्रास वेगळा. मंद केले की ते भराभर लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, फोटोत आडवे पट्टे येतात. ते पूर्ण लावायचे आणि अंतराने मंद करायचे. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. घरच्या विजेवरच्या ट्यूबसाठी शटर १/५० किंवा १/१०० ठेवायचं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. हॅलोजनला साधा जिलेटिन कागद चिकटवायचा नाही, तो वितळतो आणि कधी पेटतोही.

सावळ्या चेहऱ्याला मुलं समोरून जास्त उजेड मारतात, ‘रंग दिसत नाही’ म्हणून. रंग दिसतो तो त्वचेच्या चकाकीवर. दिवा बाजूला न्या, थोडा मागे न्या. कपाळाची, गालफडाची, नाकाची कड रंग धरते आणि उरलेला चेहरा अंधारात राहिला तरी चालतो. चेहरा उजळवण्याच्या नादात कितीतरी चांगली शूट्स लग्नाच्या अल्बमसारखी झालेली मी पाहिली आहेत.

प्रदर्शनासाठी प्रिंट काढताना शेवटची कटकट होते. पडद्यावरचा झळाळता लाल कागदावर विटकरी येतो आणि गडद निळा जांभळट होतो. शाईला ते रंग साधतच नाहीत. या मुलांनी म्हणून आधी पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढून घेतले, लालचा भडकपणा कॉम्प्युटरवर मुद्दाम उतरवला आणि मगच मोठे प्रिंट लॅबला दिले. भडकपणा उतरवल्यावर बाईच्या मागच्या फडताळातली भांडी दिसायला लागली. ती झाकायची की ठेवायची, यावर त्यांचा अर्धा तास वाद झाला. ठेवली.