रोहित आणि कविसंकेत

मराठी कविता शिकवणाऱ्याला हंस, चातक, चकोर, चक्रवाक हे पक्षी आधी पोथीतच भेटतात. त्यांच्याभोवतीचा संकेतव्यूह इतका पक्का आहे, की प्रत्यक्ष पक्ष्याची गरजच उरत नाही. चकोराने चांदणे प्यावे, हंसाने नीरक्षीरविवेक करावा. चिखलात चोच खुपसून पोट भरणे या व्यूहात बसत नाही. (चक्रवाक म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे येणारे ब्राह्मणी बदक, असे वर्गात सांगितले की विद्यार्थी काहीसे खट्टू होतात.)

फेब्रुवारीतल्या एका सकाळी माजिवड्याहून ऐरोलीला गेलो. तेथून ठाणे खाडीत जाणाऱ्या होड्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून सुटतात. पाणी उतरत होते. तिवरांच्या श्वसनमुळांमधून निवट्या उड्या मारीत होत्या. उघड्या पडलेल्या चिखलावर शेकाटे आणि तुतवार, एका खुंटावर खंड्या. आणि पुढे रोहित. प्रथम पक्षी म्हणून नव्हेच, तर पाण्याच्या कडेला ओढलेली एक गुलाबी रेघ म्हणून. होडी जवळ गेली तेव्हा त्या रेघेला माना फुटल्या. सगळ्या खाली झुकलेल्या, चोची उलट्या करून पाणी गाळण्यात गढलेल्या.

धाकटा रोहित खातो ते मुख्यतः नीलहरित शेवाळ, आणि पिसांचा गुलाबी रंग येतो तोही त्या शेवाळातील रंगद्रव्यांतून. हे शेवाळ येथे माजते त्याला महानगराच्या सांडपाण्याचा हातभार आहे. 1990च्या दशकापासून हे थवे या खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले, त्याच्या कारणमीमांसेत सांडपाण्याचा उल्लेख हटकून असतो. 2015 साली येथे अभयारण्य जाहीर झाले, 2022 साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे ज्या रंगाने आपण मोहरून जातो, त्यात आपल्या मोऱ्यांचाही वाटा आहे.

आपल्या समीक्षेत निसर्गकविता आणि महानगरी कविता या दोन कोटी जणू परस्परांना वगळूनच नांदतात. पहिलीसाठी बालकवी, दुसरीसाठी मर्ढेकर. प्रश्नपत्रिकेच्या सोयीला हे बरे. रोहिताला यांपैकी कोठे बसवावे? 'प्रदूषित निसर्ग' म्हणून तक्रार नोंदवणेही पुरेसे नाही, कारण हा पक्षी त्या प्रदूषणाचा केवळ बळी नाही. काही अंशी लाभार्थीही आहे. बळी तो अन्य रीतीने ठरतो: 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले.

खाडीच्या पश्चिम काठावरील एका ख्यातनाम जागेची नोंद पक्षिनिरीक्षकांच्या वह्यांत 'भांडुप पंपिंग स्टेशन' अशीच असते.