कडक वॉश आणि यीस्टचे पहिले तास

यीस्ट मरतं शेवटी, पण ते कधी मरणार हे पहिल्या काही तासांतच ठरतं. निरा खोऱ्यातल्या एका डिस्टिलरीत फर्मेंटेशन सांभाळताना माझ्या मनात हे पक्कं बसलं आहे. लोणंदहून शिफ्टला निघालो की पहिला विचार नव्यानं भरलेल्या टाकीचा येतो; संपत आलेल्या टाकीत माझ्या हाती फारसं काही उरलेलं नसतं.

मळीच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबवलेल्या द्रावणात, आठ-नऊ टक्के अल्कोहोल आलं की पूर्वी समाधान असे. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर जास्त साखर उरलेली बी हेवी मळी आणि उसाच्या रसाचा सिरपही टाकीत येऊ लागला, आणि आता बारा टक्क्यांकडे नजर असते. वॉश कडक असला की ऊर्ध्वपातनाला वाफ कमी लागते, मागे स्पेंट वॉशही कमी राहतो. लिटरभर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर काळपट पाणी उरतं. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला हा आकडा टोचतो.

परदेशात हौशी लोक घरच्या घरी बार्लीवाइनसारखी दहा-बारा टक्क्यांची बिअर करतात. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ते करता येत नाही. पण त्यांची वीस लिटरची बादली असो की आमची लाखो लिटरची टाकी, आत राबणारी पेशी एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. तिच्या अडचणीही त्याच.

पहिली अडचण साखरेचीच. गोड द्रावण दाट झालं की ते पेशीतलं पाणी ओढून घेतं. तोल सांभाळायला पेशी ग्लिसरॉल बनवते, म्हणजे अल्कोहोल व्हायची साखर तिकडे खर्च होते. उन्हातून तापून आलेल्या बैलाला कोणी एकदम पोटभर पाणी पाजत नाही, तसंच हे. प्री-फर्मेंटरमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या टाकीत, ब्रिक्स (द्रावणाचा दाटपणा) कमी ठेवून पेशी वाढवायच्या, मग मुख्य टाकीत मळी हप्त्याहप्त्यानं सोडायची. घाईच्या दिवशी सगळी मळी एकदम सोडायचा मोह होतो. तो मोह आवरणं हे या कामातलं निम्मं कौशल्य आहे असं मला वाटतं.

दुसरी अडचण हवेची, आणि तीच सर्वांत कमी लोकांना पटते. अल्कोहोल बनायला हवा लागत नाही, मग ब्लोअर कशाला? साखर भरपूर असली तर हे यीस्ट हवेतसुद्धा अल्कोहोलच बनवतं, तेव्हा ही हवा त्याला श्वासासाठी नको असते. वाढणारं अल्कोहोल पेशीचं आवरण सैल करतं. ते घट्ट ठेवायला एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त स्निग्धाम्लं लागतात, आणि ती बनवायला प्राणवायू हवा. प्रत्येक नवी पेशी आईच्या साठ्यातला वाटा घेऊन निघते, त्यामुळे मूळ साठा तोकडा असेल तर चार-पाच पिढ्यांत सगळ्याच दुबळ्या होतात. बिअरवाले म्हणूनच सुरुवातीला वर्टमध्ये, म्हणजे न आंबलेल्या गोड द्रावणात, हवा खेळवतात. फार कडक बिअर असेल तर बारा-अठरा तासांच्या आत पुन्हा एकदा प्राणवायू देतात. अल्कोहोल चढल्यावर दिलेली हवा मात्र बिअरची चव बिघडवते.

नत्राचंही तसंच. युरिया आणि डीएपी पेशी वाढत असताना द्यायचं. अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या पुढे गेलं की यीस्ट नत्र धड उचलूच शकत नाही. मळीत क्षार पुष्कळ, पण यीस्टला पचणारं नत्र थोडं. सिरप स्वच्छ खरा, पण यीस्टच्या दृष्टीनं आणखी उपाशी.

टाकीची तब्येत बघायला मी ब्रिक्स मीटरच्या आधी सूक्ष्मदर्शकाशी जातो. थेंबभर वॉशवर मेथिलीन ब्लू टाकलं की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत बिनरंगी राहतात. किती पेशींना कोंब फुटलाय तेही दिसतं. ब्रिक्स घसरायचा थांबण्याच्या कितीतरी आधी हे चित्र बिघडायला लागतं. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवतात, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. वाण तिथून चांगला मिळेल. त्याला रोज सांभाळायचं काम मात्र टाकीजवळच्या माणसाचं.

किण्वन मध्येच थांबलेल्या टाकीत ताजं यीस्ट ओतून काही होत नाही. साखरेत वाढलेली पेशी एकदम दहा टक्के अल्कोहोलमध्ये पडली की दगावते. छोट्या भांड्यात जोमात असलेल्या यीस्टला तोच वॉश थोडा थोडा पाजत सवय लावावी लागते. बादलीला हे जमतं. आमच्याकडे बहुतेक वेळा वॉश आहे तसा ऊर्ध्वपातनाला जातो आणि उरलेली साखर वाया.

उरतो उन्हाळा. यीस्टला बत्तीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, आणि किण्वन स्वतःच उष्णता सोडतं. जानेवारीच्या रात्री प्लेट कूलर सहज पुरतो. एप्रिलमध्ये कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट येतं. उष्णता आणि अल्कोहोल एकत्र आले की दहा टक्क्यांतही पेशी मान टाकतात. त्यात गाळप संपल्यावर साठवणीची मळी वापरायची, तीही तापलेली. तेव्हा मी सुरुवातीचा ब्रिक्स उतरवून घेतो, अल्कोहोल टक्का-दीड टक्का कमी आलं तरी चालेल. वरून विचारणा झाली की कूलिंग टॉवरच्या तापमानाची वही पुढे ठेवतो.