अर्थ मिळंना!

चोकची तार गरम का व्हावी?

म्हणजे बघा, चोक ही अगदी साधी गोष्ट. डॅशबोर्डवरची खुंटी ओढली की एक तार कार्बोरेटरमधली झडप ओढते. संपलं. तिच्यातून वीज जात नाही, जायचं काही कारणच नाही. तरीही गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी, साताऱ्यात आमच्या घरामागच्या शेडमध्ये, मिस्त्रीकाका मला म्हणाले, "साहेब, तुम्ही ती चोकची तार धरा, मी सेल्फ मारतो." मी निमूटपणे धरली. त्यांनी सेल्फ मारला आणि मला असा चटका बसला की बोटावर फोड आला.

मिस्त्रीकाका शांतपणे म्हणाले, "अर्थ मिळंना गाडीला."

असो. असं मधूनच सांगण्यात मजा नाही, सुरुवातीपासून सांगतो.

गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील, राहणार सांगली. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत होती. १९७४ साली त्यांनी कोल्हापूरहून एक सेकंडहँड स्टँडर्ड हेराल्ड घेतली. आपल्या पिढीला हे नाव माहीत असायचं कारण नाही. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून दहाएक वर्षं ही गाडी बनवली. मूळची ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड, इंजिन ९४८ सीसी, आणि डिझाईन मिकेलोट्टी नावाच्या इटालियन माणसाचं. अख्खं बोनेट, मडगार्ड आणि दिव्यांसकट, मगरीच्या जबड्यासारखं पुढच्या बाजूला उघडतं. गंमत म्हणजे हिचीच चेसिस आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन सीटांची स्पोर्ट्स कार काढली. त्यामुळे हेराल्डवाले स्वतःला मनातल्या मनात स्पोर्ट्स कारवालेच समजतात. आप्पा तर उघड उघड समजायचे. :)

मी गाडी शिकलो ती हिच्यावरच. हिची एक खोड आहे, चोक किती ओढायचा आणि कधी सोडायचा हे कळल्याशिवाय ती सुरू होत नाही. मामाच्या हाताला ती कधी सुरू झालीच नाही. फक्त आप्पांच्या आणि माझ्या.

आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. ऑगस्ट २०१९. मला पुण्यात पहिली नोकरी लागून जेमतेम महिना झाला होता. मामाचा फोन आला, "कृष्णा चढतेय. शनिवारी येऊन गाडी साताऱ्याला नेतोस का?" मी तेव्हा नवा नवा इंजिनिअर. नेटवर बघितलं, २००५ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं आणि तेव्हा ते आप्पांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. मी मामाला ऐकवलं, "२००५ ला आलं नाही, आता कशाला येतंय?"

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आप्पांना आणि आजीला बोटीतून बाहेर काढलं. हेराल्ड चार दिवस पाण्यात होती.

आप्पा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यानंतर मी सांगलीला कितीतरी वेळा गेलो, पण गाडीचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. गाडी टेम्पोवर घालून साताऱ्याला आणली आणि शेडमध्ये उभी केली. दोन वर्षांपूर्वी हातात थोडे पैसे आल्यावर इंजिन उघडून करून घेतलं. राहिलं ते वायरिंग. ते मी स्वतः करणार असं जाहीर करून टाकलं. इंजिनिअर ना!

जुनी वायर कापडी वेष्टनाची. ब्रिटिश गाड्यांत रंगांचा एक छान कोड असतो. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची वगैरे. आमच्या गाडीत सगळ्याच तपकिरी! पुराच्या गाळाने रंग ठेवलाच नव्हता. मग प्रत्येक वायरचं एक टोक धरून दुसरं शोधायचं, चिठ्ठी लावायची आणि एक्सेलमध्ये नोंद करायची. यात पाच शनिवार गेले. त्यात आणखी एक शोध लागला, अख्ख्या गाडीत एकही फ्यूज नव्हता. कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर थेट धूर. आप्पांनी आम्हा सगळ्या नातवंडांना यात कोंबून नरसोबाच्या वाडीला नेलं होतं, ते आठवून आता घाम फुटला.

नवीन हार्नेस बांधला, फ्यूजबॉक्स घातला, हेडलाइटला रिले दिले. नवी बॅटरी लावली, चावी फिरवली, सेल्फ मारला... आणि गाडी नुसती कण्हली. सेल्फ काढून तपासला, ठणठणीत. सोलेनॉइड बदललं, बॅटरी बदलून बघितली. तेच. शेवटी बाबा म्हणाले, "आता तरी मिस्त्रींना बोलाव."

मिस्त्रीकाका आता सत्तरीचे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये, जिथे प्रिया स्कूटर बनायची, तिथे नोकरी केलेले. माझं एक्सेल त्यांनी कौतुकाने बघितलं आणि मग तो चोकचा प्रयोग केला.

कारण समजून घ्या, सोपं आहे. गाडीत बॅटरीपासून सेल्फपर्यंत वीज न्यायला एक जाडजूड केबल असते. परतीला वेगळी केबल नसते, गाडीचं लोखंडी अंग हाच परतीचा रस्ता. पण इंजिन बसलेलं असतं रबरावर. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. आमची पट्टी जागेवर होती, वरून साफही केलेली होती. पण बोल्टखाली गाळ आणि गंज. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात, त्यांना परत जायला रस्ताच नाही. मग वीज मिळेल त्या वाटेने निघाली, म्हणजे चोकच्या तारेतून! बिचारी तार तापणार नाही तर काय.

मी म्हटलं, "पण काका, मी मल्टिमीटरने तपासलं होतं. बीप वाजला होता."

"बीपला काय लागतंय? एवढीशी वीज गेली तरी वाजतंय. ओझं टाकून बघा की."

मग मीटर व्होल्टवर ठेवला, एक टोक इंजिनला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खांबाला, आणि सेल्फ मारला. साडेतीन व्होल्ट! खरं तर जवळजवळ शून्य यायला हवा. बाराच्या बॅटरीतले साडेतीन त्या एका बोल्टखाली जात होते. बोल्ट काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी पट्टी लावली. सेल्फ असा फिरला की शेडमधलं मांजर पळालं.

हेच मग हेडलाइटला केलं. दोन दिवे ५५ वॉटचे, म्हणजे साधारण ९ अँपिअर. अर्थच्या वाटेत नुसता ०.३ ओहम असला तरी २.७ व्होल्ट गेले. साधा मीटर ०.३ ला शून्यच समजतो. पण दिव्याला १२ ऐवजी ९.३ व्होल्ट मिळाले की उजेड निम्म्याहूनही कमी होतो. उघडणाऱ्या बोनेटमधले दिवे, त्यांची अर्थ बिजागरीच्या भरवशावर. तिथून थेट बॅटरीपर्यंत स्वतंत्र काळी वायर ओढली. भिंतीवर पांढराशुभ्र उजेड पडला.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पिंगला उत्तर देतोय म्हणून लोड घेईलच असं नाही. ऑफिसात मी हे ज्युनिअर्सना सांगतो. शेडमध्ये मात्र पाच शनिवार विसरलो होतो.

आता राहिला डायनॅमो. तो पुरात जळाल्यातच जमा होता. इंजिन मंद असताना डायनॅमो चार्ज करत नाही, आणि भरधाव असला तरी विसेक अँपिअर. त्याऐवजी मारुती ८०० चा अल्टरनेटर बसवणं शहाणपणाचं होतं. पण हिची बॅटरी उलटी, प्लस टोक बॉडीला. अल्टरनेटर लावायचा तर आधी सगळं सुलटं करायचं, म्हणजे बॅटरी फिरवायची आणि कॉइलच्या वायरींची अदलाबदल करायची. थोडक्यात, आप्पांच्या गाडीचं मूळ रूप बदलायचं. त्यासाठी आप्पांना विचारणं भाग होतं. आणि तेच मी पाच वर्षं टाळत होतो.

धीर करून फोन लावला. सगळं समजावून सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं, आता बोलणार.

"रात्री सांगलीला येताना दिवे नीट लागतील का?"

"लागतील."

"मग घाल की. मीसुद्धा घेतल्या घेतल्या तिचा कटआउट बदलला होता. गाडी चालवायची असते, पूजायची नसते."

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी साताऱ्याहून निघालो. कराड, पेठ नाका करत सव्वाशेएक किलोमीटर. अंधार पडल्यावर दिवे लावले. रिलेचा टिक असा आवाज आला, अँमीटरचा काटा क्षणभर खाली गेला आणि परत वर आला. सांगलीपर्यंत माझी अर्धी नजर त्या काट्यावरच होती.

आप्पा दारातच उभे होते, स्वेटर आणि कानटोपी घालून. काही न बोलता पुढच्या सीटवर येऊन बसले. "घाटाकडे घे." नदीजवळ गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. कृष्णा अगदी खाली, शांत.

मी म्हटलं, "आप्पा, तेव्हा मी यायला हवं होतं."

"हवं होतंच," आप्पा म्हणाले.

बस्स, एवढंच. मग बराच वेळ दोघंही दिव्यांच्या उजेडात समोर बघत बसलो. मला वाटत होतं त्यांचा राग गेला असेल, किंवा कधी नव्हताच. दोन्ही चूक. राग होता, आणि त्यांना तो मला एकदा सांगायचा होता. मी विचारलंच नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुलाची इशारा पातळी चाळीस आहे, धोक्याची पंचेचाळीस. पंचेचाळीसची वाट बघायची नाही. चाळीस झाले की गाडी काढायची. लिहून ठेव, तू विसरतोस."

फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत मी मार्करने यादी लिहिलेली आहे, कुठला फ्यूज कशाचा ते. हेडलाइट, हॉर्न, वायपर, मागचे दिवे. परत येऊन झाकण उघडलं आणि टॉर्च धरून खाली आणखी एक ओळ लिहिली: ४० फूट.