आलेला कंटाळा

मराठी भाषेने रिकाम्या माणसाची फार निर्भर्त्सना केली आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आणि मोकळ्या हातांनी बसलेल्या मुलास 'काहीतरी कर' असे बजावणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच ठरून गेले. परंतु याच भाषेने एक सूक्ष्म भेद जपून ठेवला आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. माणूस कंटाळा 'करतो' आणि माणसाला कंटाळा 'येतो', या दोन गोष्टी एक नव्हेत. कंटाळा करणे हा कामचुकारपणा होय. त्याचे समर्थन करावयास आम्ही बसलेलो नाही. कंटाळा येणे ही मात्र पाहुणा येण्यासारखी घटना आहे. तो न बोलावता येतो, आणि त्यास उंबऱ्यावरूनच परत लावण्याची जी सोय अलीकडे घरोघर झाली आहे, तिजविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

ही सोय म्हणजे खिशातील मोबाईल, हे सांगावयास नकोच. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर घटकाभर उभे राहून पाहावे. गाडीस उशीर झाला की पूर्वी कोणी शेजाऱ्यास त्याचे गाव विचारीत असे, कोणी आभाळाकडे पाही, कोणी नुसताच बसून राही. आता बहुतेक माना खाली वाकलेल्या दिसतात. मनुष्य इतक्या घाईने पळतो तो कोणापासून? अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात याचे चमत्कारिक उत्तर सापडते. काही माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटे नुसते विचार करीत बसावयास सांगितले होते. हाताशी केवळ एक कळ होती. ती दाबली असता स्वतःसच विजेचा झटका बसे. हा झटका पुन्हा बसू नये म्हणून पैसे मोजावयासही आपण तयार आहोत, असे या मंडळींनी आधी सांगितले होते. तथापि १८ पुरुषांपैकी १२ जणांनी व २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ती कळ दाबलीच! वेदना पत्करली, पण स्वतःची सोबत नको, असाच याचा अर्थ नव्हे काय?

आणि ही सोबत आरंभी खरोखरच त्रासदायक असते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. वैशाखातील दुपारी वीज गेली, पंखा थांबला, हाताशी वाचावयास काही नाही, अशा वेळी पहिली काही मिनिटे केवळ चुळबुळीत जातात. त्यानंतर जुनी भांडणे, राहिलेली देणी, कोणी केव्हा केलेला अपमान, अशा अडगळीची उलथापालथ होते. बहुतेक लोक येथेच उठून जातात. जो उठत नाही त्याला मग, कोणी हाक मारावी तशी, एखादी गोष्ट ऐकू येते. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आमच्या आईच्या बोलण्यात गेल्या खेपेस एक थकवा होता, तो आम्हांस उमगला अशाच एका दुपारी. प्रत्यक्ष बोलणे झाले तेव्हा नव्हे. दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. मन रिकामे नसते तर तो थकवा कोठे उतरला असता?

येथे कोणी म्हणेल की, कंटाळ्याची स्तुती ही पोट भरलेल्यांची चैन आहे. हा आक्षेप खोटा नाही. याच शहरात नळाला पाणी येण्याची वाट पाहण्यात कित्येक वर्षे घरोघरच्या बायकांचे तास खर्ची पडले आहेत. त्या वेळी कान नळाकडे लागलेले असतात. देह स्वस्थ दिसला तरी मन कामावरच असते. ते कष्टच होत, आणि त्यांचे गोडवे गाणे हा निर्दयपणा ठरेल. लादलेली प्रतीक्षा निराळी आणि ज्यातून केव्हाही उठून जाता येते, तरीही ज्यात आपण बसून राहतो, तो कंटाळा निराळा. आमचे म्हणणे या दुसऱ्यापुरतेच आहे.

असा स्वीकारलेला रिकामपणा या भूमीस अपरिचित नाही. येथून सुमारे १०० किलोमीटरांवर अजिंठ्याची लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने भ्रमण थांबवून एके ठिकाणी राहावे, असा वर्षावासाचा नियम होता. लेणी क्रमांक १२ हा तेथील जुन्या विहारांपैकी एक. त्यात १२ खोल्या आहेत आणि प्रत्येकीत दोन दगडी शय्या. पुढील काळच्या लेण्यांतील चित्रे पाहावयास सारे जग येते. या चित्रहीन खोल्यांपाशी फारसे कोणी थांबत नाही. बाहेर धो धो पाऊस, खाली वाघूर नदीचा घोष, आणि आत भिंतीखेरीज पाहावयास काही नाही! तेथे त्या भिक्षूंस कंटाळा आलाच नसेल, असे आम्हांस वाटत नाही. परंतु ज्यांनी हा नियम मानला त्यांनी कंटाळ्यास भिऊन खोली सोडली नाही, एवढे खरे.

रिकाम्या वेळाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी आमच्या शहरातील पाणचक्की पाहावी. ही चक्की ज्या पाण्यावर फिरे, ते दूरच्या डोंगरातील झऱ्यापासून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येई. त्या साऱ्या वाटेत ते पाणी एक दाणाही दळीत नसे. म्हणून ती वाट व्यर्थ होती, असे कोणी म्हणणार नाही.

असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातील मूल 'मला कंटाळा आला' असे म्हणत येते, तेव्हा आई-बाप तत्काळ त्याच्या हाती मोबाईल तरी देतात किंवा त्याचे नाव एखाद्या शिबिरात तरी घालतात. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, थोडे थांबावे. मुलाची कुरकुर होईल, ती ऐकून घ्यावी. तासाभराने ते अंगणातील मुंग्यांची रांग कोठे जाते हे पाहत बसलेले आढळले, तर त्यास हाक मारू नये.